भरल्या ताटावरून

रेशनच्या दिवसांतली गोष्ट. स्वराज्य आलं होतं, पण तांदूळ अजून कार्डावरच मिळत होता, आणि तोही असा की निवडायला बसलं तर तांदूळ किती आणि खडे किती असा प्रश्न पडावा. अशा दिवसांत माणूस मेला तरी कार्डावरून जात नसे. आजोबांना पोचवून आलेलं घर पुढं कित्येक महिने आजोबांच्या वाटणीचे गहू खात असे. गावी गेलेली वहिनी कार्डावर मुंबईतच नांदत असे. कुणी तर न झालेल्या पोरांचीही बारशी उरकून घेतली होती. ही खोटी तोंडं हुडकायला सरकारनं इन्स्पेक्टर नेमले होते, आणि घाटकोपरच्या बाजूला जयवंतसारखा तिखट इन्स्पेक्टर दुसरा नव्हता.

जयवंत कधी कुणाला विचारत बसत नसे, की घरात माणसं किती. तो ऐन जेवणाच्या वेळी दारात उभा राही आणि ताटं मोजी. तोंडं खोटं बोलतात, ताटं बोलत नाहीत, असं तो कचेरीत ऐटीत सांगायचा. आणि दुसरी एक गोष्ट सांगायचा, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपण एक अक्षर लिहीत नाही. ते खरंही होतं. लाच घ्यायचा नाही, दयाही दाखवायचा नाही.

पण संशय ही काही कचेरीच्या खुंटीवर टांगून ठेवायची वस्तू नव्हे. ती त्याच्याबरोबर घरी यायची. तांदळाचा डबा बोटभर खाली गेलेला दिसला, की शेजारी वाटीभर गेले का म्हणून तो बायकोला विचारी. कुंदा स्वभावानं हसरी. ती म्हणायची, "अहो, एकदा मलाही मोजून घ्या. कमी भरले तर माझं नाव खोडा." जयवंतला यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

मार्गशीर्षात एका दुपारी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून एक अर्ज पुढं टाकला. मुलुंडच्या अलीकडे, खाडीकाठच्या मिठागरावर काशीराम नावाचा राखणदार होता. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वैशाखात जयवंतनं त्याच्या कार्डावरून माणिक या मुलाचं नाव खोडलं होतं, आणि बाप म्हणत होता की मुलगा खरा आहे, नाव परत घाला.

"तुमच्यावर तक्रार म्हणून पहिलीच," साहेब म्हणाले. "जाऊन बघा. मुलगा डोळ्यांनी दिसला तर नाव घाला, आणि चूक तुमची असं मी वर कळवीन. दिसला नाही, तर खोट्या अर्जाबद्दल म्हाताऱ्यावर खटला."

जयवंतला ती भेट आठवत होती. भर दुपारी तो गेला होता, ताटं तीन होती, नावं चार. मुलगा मीठ भरलेला पडाव घेऊन खाडीनं गेलाय, भाकरी फडक्यात बांधून नेलीय, असं बाई काकुळतीनं सांगत होती. सगळ्याच बाया असं काही ना काही सांगतात. त्यानं नाव खोडलं होतं आणि पुढच्या दाराकडे वळला होता.

आता तो सायकल मारत निघाला, तो मुलगा सापडू नये असं मनात धरूनच. हे त्यानं स्वतःशी कबूल केलं नसतं, पण आपण कशाला लपवा.

रेल्वेचं फाटक ओलांडलं की वस्ती संपत असे. पुढं बांधावर सायकल चालवता येईना, म्हणून तो हातात धरून चालू लागला. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, त्यांत हाललं तर कळेल इतकं निश्चल पाणी. गवतानं शाकारलेल्या मिठाच्या राशी लांबून घरांसारख्या दिसत. माणूस आशेनं जवळ जायचा, आणि दार काही सापडायचं नाही. हवेला कुजक्या चिखलाचा वास होता. पाखरूदेखील ओरडत नव्हतं. अगदी टोकाला काशीरामची झोपडी होती, आणि तिच्यापलीकडे नुसती खाडी.

काशीराम दारातच बसला होता. वाळलेला, काटक म्हातारा. तो उठला नाही.

"येवा, साहेब. बसा."

"माणिक कुठाय?"

"दिवेलागणीक येता."

"आणि दिवसा?"

म्हाताऱ्यानं खाडीकडे पाहिलं. "दिवसाचा आमका ठाऊक नाय."

जयवंतनं मनातल्या मनात एक फुली मारली. आत चुलीपाशी काशीरामची बायको रुक्मिणी होती, आणि कोपऱ्यात सुकट निवडत बसलेली त्यांची मुलगी शेवंती. दोरीवर पुरुषाचा एक शर्ट टांगलेला होता. जयवंतनं तो चाचपला. शर्ट ओला होता, शिवणींना मिठाचा पांढरा थर धरला होता. मला दाखवायला म्हणून खाडीत बुचकळून टांगलाय, तो म्हणाला मनाशी. हुशार आहेत.

"मुलगा कामाला कुठं जातो?" त्यानं शेवंतीला विचारलं. बापाला सोडून लेकीला विचारायचं, ही त्याची जुनी युक्ती.

शेवंतीनं आईकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "तो आता कामाक जाणा नाय."

"मग काय करतो?"

"जेवक येता."

एवढंच बोलून ती पुन्हा सुकट निवडू लागली. मग काशीरामनंच सांगायला सुरुवात केली, तुटक तुटक, जयवंतकडे न बघता. नाव खोडल्यावर माणिक स्वतः पिशवी घेऊन रेशनच्या दुकानावर गेला होता. दुकानदारानं कार्ड उलटवून सांगितलं, की या नावाचा माणूस नाही. माणिक आधी हसला. घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटला, की मी नाही, सरकारच म्हणतंय. मग कचेरीत गेला. तिथं म्हणाले, ज्या इन्स्पेक्टरनं खोडलं त्यालाच आण. इन्स्पेक्टर भेटला नाही. घरात दाणे तिघांचे आणि खाणारे चौघे. पोरगा तरणाताठा, पण ताटावर बसून अर्ध्यातच उठायला लागला, भूक नाही म्हणून. बापाच्या आणि बहिणीच्या वाटचं आपण खातो, हे त्याला लागलं होतं. मग पावसाच्या तोंडाला एका संध्याकाळी तो बांधावरून चालत गेला. आईला म्हणाला, जेवायच्या वेळेला येतो.

"मग?"

"मग येता," काशीराम म्हणाला. "बोलल्यापरमाणां जेवणाच्या टायमाक येता."

मुरलेला संशय असा सहजी सोडत नाही. पोरगा पळून गेलाय, किंवा बुडालाय, आणि ही माणसं त्याच्या नावावर दाणे काढू बघताहेत. दुःख खरं असेल, अर्ज खोटाच.

"मी थांबतो," तो म्हणाला.

सूर्य राशींच्या मागं गेला. पाण्यावरचा उजेड आधी तांबूस झाला, मग राखेसारखा, आणि मग कुठून संपला ते कळलंच नाही. शेवंतीनं चिमणी लावली. घासलेटचा वास झोपडीत भरला. रुक्मिणीनं जर्मनच्या चार थाळ्या मांडल्या. दारालगतच्या थाळीपुढं मात्र पाट ठेवला, बाकीच्यांना गोणपाट. मग तिनं मीठ वाढलं. तीन थाळ्यांच्या डोक्याशी चिमूट चिमूट ठेवलं, चौथी तशीच सोडली. चुलीवर कुळथाची पिठी दोन भांड्यांत होती. लहान भांड्यातली मीठ पडायच्या आधी काढून ठेवलेली होती, हेही जयवंतच्या नजरेतून सुटलं नाही.

"त्या ताटात मीठ का नाही?"

"तेका नको असता," रुक्मिणी म्हणाली.

"मिठागरात वाढलेल्या मुलाला मीठ नको?"

"आदी खाय. आता म्हणता, आये, मीठ नको."

मेलेल्याच्या पिंडाला अळणी भात लागतो, हे जयवंतला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसतं? वाटलं, चला, सापडले. मेलेल्याचं पान वाढताहेत आणि जिवंताचे दाणे मागताहेत. त्याला बरंही वाटलं. बरं वाटायच्या पाठोपाठ मानेवरून एक गार झुळूक गेली आणि त्यानं कोटाची कॉलर वर केली.

रुक्मिणी त्याच्यासमोर येऊन बसली. पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, येक आयका. तो जेवता तवा आमी मान खाली घालतो. कोणी तेच्याकडे बघणा नाय. बघला काय तो उठता. तुमी पायांचो आवाज आयका, जेवणाचो आयका. तेवढ्यावर लिवा. पण बघू नकात."

"बाई, मला बघूनच लिहावं लागतं."

"नावासाठी नाय हो म्हणत. तांदूळ नाय दिलात तरी चलात. कार्डार तेचा नाव आसला, तर तो ह्या घरचो. नाव नाय, तर पोरान जावचा खंय?"

तिचे डोळे कोरडे होते. जयवंतला तिची दया आली, खोटं कशाला बोला. पण दया आली की तो जरा जास्तच ताठ व्हायचा.

तिघं जेवायला बसली, माना खाली. जयवंत मेढीच्या खांबाला टेकून बसला आणि त्यानंही नजर आपल्या बुटांवर ठेवली, निदान आधी काही वेळ.

बराच वेळ नुसता चुलीतल्या लाकडांचा आवाज. मग बांधावर कुणीतरी चालत आलं. ओल्या मातीत अनवाणी पाय रुततात तशी पावलं... सावकाश, दमलेली. दाराबाहेर डेऱ्यातून तांब्यानं पाणी घेतल्याचा आवाज झाला, पायांवर ओतल्याचा झाला. दारावर पडद्यासारखं टांगलेलं गोणपाट सरकलं. चिखलाचा तोच वास आत आला, पण आता जवळून. पाट थोडा करकरला.

आणि जेवणाचा आवाज सुरू झाला. भात कालवल्याचा, घाईनं घास घेतल्याचा, उपाशी माणसाचा. रुक्मिणीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती मान खाली घालून जेवत होती.

कोणीतरी भाड्यानं आणलेला असेल, जयवंत स्वतःला सांगत होता. शेजारच्या मिठागरावरचा. म्हणून तर बघू नका म्हणतात. तोंड दिसलं की पकडला जाईल. हे मनात आल्यावर त्याला राहवेना. त्यानं मान वर केली.

पाटावर कुणी नव्हतं. थाळीतल्या भाताला बोटांनी केलेलं ताजं आळं होतं, आणि त्यात पिठी अजून हळूहळू झिरपत होती. थाळीच्या काठाशी एक घास कालवून ठेवलेला होता, उचलायचा राहिलेला. दाराचं गोणपाट बाहेरच्या बाजूला हलत होतं.

रुक्मिणीच्या हातातला घास खाली पडला.

"बघलात तुमी..." ती म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. "उठलो तो. भरल्या ताटावरसून दुसऱ्यांदा उठवलात तुमी तेका. आता तो खंय जातलो?"

भरल्या ताटावरून कुत्र्यालाही उठवू नये म्हणतात. पण जयवंतच्या हातांना सवय होती. त्यानं चिमणीच्या उजेडात लिहिलं, की माणिक नावाचा इसम समक्ष आढळला नाही. हे अक्षरशः खरं होतं. काशीरामनं अंगठा पुढं केला.

बांध संपेपर्यंत जयवंतनं मागं पाहिलं नाही. पक्क्या वाटेवर आल्यावर सायकलवर टांग टाकली आणि पॅडल मारलं, तर सायकल हलेना. मागच्या चाकातली हवा गेली असेल म्हणून चाक दाबून पाहिलं, हवा होती. पुन्हा बसला. कॅरिअरवर गोणी बांधावी तसं जड जात होतं, चढ नसताना धाप लागत होती, आणि पाठीला कोटातून गारवा कळत होता. फाटकापाशी कंदील घेऊन एक हवालदार उभा होता. त्यानं हात आडवा केला.

"डबलशीट मनाई आहे, साहेब. शिकले-सवरलेले तुम्ही. उतरा म्हणावं त्यांना."

जयवंत उतरला, कॅरिअरकडे न बघता. सायकल हातात धरून घाटकोपरपर्यंत चालत आला. चालतानाही ती जडच होती.

चाळीत अजून जाग होती. कुणाच्या तरी खोलीत पोरं पाढे म्हणत होती, आणि त्या आवाजानं त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. खोलीत शिरला तर कुंदानं पानं घेतली होती. तीन.

"तिसरं कुणाचं?"

"असं काय करता? तुम्हीच तर घेऊन आलात," कुंदा आवाज खाली आणून म्हणाली. "मोरीवर पाय धुतायत. किती भिजलेत ते... कचेरीतलेच ना? खानावळीत जेवतात वाटतं. म्हणाले, वहिनी, अर्ध्या ताटावरून उठून आलोय."

मोरीच्या आडव्या भिंतीमागं पाण्याचा आवाज येत होता.

"आणखी काय म्हणाला?" जयवंतनं विचारलं.

"काही नाही. मीठ वाढू नका म्हणाले."

जयवंत पाटावर बसला आणि त्यानं मान खाली घातली.

त्या दिवसापासून जेवताना ती मान वर झाली नाही. दर संध्याकाळी कुंदा तीन पानं घ्यायची. पाहुण्याची तिला दया यायची. फार बोलत नाहीत, म्हणायची, पण खातात मात्र मनापासून. जयवंतनं तिला खरं सांगायचा विचार केला आणि दरवेळी गिळला. दाणे दोघांचे, खाणारे तिघे. पंधरवडा सरायच्या आधी डबा तळाला लागू लागला. मुंबईभरची खोटी तोंडं शोधणाऱ्याच्या घरात एक तोंड वाढलं होतं, आणि त्याचं नाव कार्डावर घालायची सोय नव्हती. असा माणूस नाही, हे त्यानंच लिहून दिलं होतं.

इकडे काशीरामवर खटला उभा राहिला. मिठागरवाल्यानं त्याला कामावरून काढायचं ठरवलं होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी जयवंत न राहवून मिठागरावर गेला. झोपडीत रुक्मिणी एकटीच होती. काशीराम लेकीला घेऊन वकिलाच्या पायऱ्या झिजवायला गेला होता. चुलीवर आता पिठीचं एकच भांडं होतं.

जयवंत दाराबाहेरच उभा राहिला.

"तुमच्याकडे जेवता ना तो?" तिनंच विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"पोटभर जेवता?"

"हो."

तिनं पदर तोंडाला लावला. मुलगा आपल्याकडे येईनासा झाला याचं रडू होतं, की कुठंतरी पोटभर जेवतो याचं, हे तिचं तिला तरी कळलं असेल का?

"उद्या कोर्टात मी सांगितलं, की माणिकला मी पाहिलाय, तर काशीराम सुटेल," जयवंत म्हणाला. "पण मी पाहिलेला नाही. आजवर न पाहता..."

"मगे बघा." तिनं डोळे पुसले. "आज बघा तेका. म्हातारो सुटात. पण तिसऱ्यांदा उठलो, तर तो येकटो उठतलो काय, ता माका सांगूक येवचा नाय."

परत येताना तो चालतच आला. वाटेत त्यानं ठरवून टाकलं. उद्या शपथेवर बोलायचं तर आज बघायचं. एका निरपराध म्हाताऱ्यापेक्षा आपली भीती मोठी नाही, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, आणि थोडं हलकंही वाटलं.

संध्याकाळी तो पाटावर बसला. कुंदानं तीन पानं वाढली. मोरीत पाणी वाजलं, ओली पावलं आली, समोरचा पाट करकरला. चिखलाचा वास आला. भात कालवल्याचा आवाज सुरू होईल, मग बघू, असं जयवंतनं ठरवलं होतं. पण आज आवाज सुरूच होईना. समोर कुणी जेवतच नव्हतं.

"अहो," कुंदा हलक्या आवाजात म्हणाली, "मान वर करा ना. ते केव्हापासून तुमच्याकडेच बघताहेत."

जयवंतची नजर आपल्या ताटावर खिळली होती. ताटाच्या डोक्याशी, जिथं कुंदा रोज आधी मीठ वाढत असे, तिथं आज काहीच नव्हतं.